तीन रायटर, एक क्लॅरोनेट

मानसिंग तळेकरांना सोलापुरात येऊन तीस वर्षं होत आली, पण कुणी गाव विचारलं की ते अजून केमच सांगतात. केमला रेल्वे थांबते म्हणूनच हा सोलापूरला गेला, असं त्यांचे थोरले भाऊ म्हणायचे. शेतात याचं लक्ष कधी नव्हतंच. कुठं उघडलेला रेडिओ दिसला की जेवायचं विसरायचा. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकता शिकता कॉम्प्युटर आले, आणि मानसिंग त्यांच्यामागं गेले. सात रस्त्याकडून आत वळणाऱ्या एका बोळात त्यांनी दुकान टाकलं. तेव्हापासून ते तिथंच आहेत.

एक काळ असा होता की लग्नाचं शूटिंग, शाळेचं गॅदरिंग, कुणाचं भजन, कुणाचं भाषण, सगळं सीडीवर उतरवायला लोक तळेकरांकडं यायचे. सीडी वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या त्या खोक्याला सगळेच 'रायटर' म्हणत. चार-चार रायटर एकावेळी चालायचे आणि दुकानात उन्हाळ्यात बसवत नसे. गिऱ्हाइकानं "कॉपी नीट येईल ना?" असं विचारलं तर मानसिंग मान वर न करता म्हणायचे, "सेम टू सेम. आकडेच असतात त्यात. आकड्याला काय होतंय?"

आता दुकानात आधारकार्डाच्या झेरॉक्स निघतात, ऑनलाइन फॉर्म भरले जातात, लॅपटॉप दुरुस्तीला येतात. रायटर टेबलाखालच्या खोक्यात गेले. तेही फेकून द्यावेत असं त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई दर दिवाळीला म्हणत. त्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतात, आणि उपयोग नसलेली वस्तू त्यांना घरातही खपत नाही आणि दुकानातही.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी गुरुबसप्पा मास्तर दुकानात आले. वय पंच्याहत्तरच्या पुढं, डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. ब्रास बँडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं क्लॅरोनेट वाजवलं होतं. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. समोरचे दात पडल्यापासून वाजवणं बंद झालं होतं. कवळीवर क्लॅरोनेट धरत नाही, ते हलतं, असं ते ओळख नसलेल्या माणसालाही सांगत.

त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. वर स्केचपेननं कानडी वळणाच्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, 'गुरुबसप्पा क्लॅरोनेट, २००४'.

"ह्यातलं सगळं मोबाईलात घालून द्या," मास्तर म्हणाले. "घरचं मशीन गेलं. आता सीडी कशात लावायची म्हणून पोरगी विचारती."

"देतो की मास्तर. पाच मिनटाचं काम."

"तिसरी धून नीट बघा. ती मी बांधलेली हाय. वरात देवळापाशी थांबली की वाजवायचो. त्यात एक लांब तान हाय, पस्तीस सेकंदाची. एका दमात. डाग न्हाई त्यात एक. लई लोक ऐकून गेले, कुणाला जमली न्हाई."

मानसिंगनी खोक्यातला सगळ्यात नवा, काळा रायटर काढला, कॉम्प्युटरला जोडला, सीडी सरकवली. चार मिनिटांत आठही धुनी उतरल्या. पडद्यावर प्रत्येक धुनीपुढं चुका शून्य असं दिसत होतं. त्यांनी मास्तरांच्या मोबाईलमध्ये फायली घातल्या आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

मास्तर तिसरी धून ऐकू लागले. आधी बोटं मांडीवर नाचत होती. मग थांबली. त्यांनी हेडफोन काढून हातात धरला आणि त्याच्याकडं बघत राहिले.

"हे कोण वाजवतंय?"

"तुमीच की मास्तर."

"न्हाई. सुरुवात माझी. शेवट माझा. मधी तानेत मी न्हाई."

मानसिंगनी स्वतः ऐकलं. छान वाजत होतं. कुठं खरखर नाही, कुठं तुटलं नाही. त्यांनी तेच सांगितलं.

"तेच म्हणतो मी," मास्तर म्हणाले. "लई गुळगुळीत हाय. तासून काढल्यागत. माझा सूर असा सपाट पडत न्हाई."

म्हाताऱ्या माणसाच्या कानाचा दोष असेल, असं मानसिंगच्या मनात आलं. पण समाधान करायचं म्हणून त्यांनी दुसरा रायटर जोडला. या वेळी तीच तान आली, पण मधे टक्, टक्, टक् असा बारीक आवाज. मास्तरांनी मान हलवली. "हे मशीन वाजतंय."

मग खोक्याच्या तळाशी पडलेला जुना, पिवळट पडलेला रायटर निघाला. दोन हजार एक सालचा. त्याला रुंद पट्टीची केबल लागायची. ती शोधण्यात अर्धा तास गेला. तो फार सावकाश चालला. मधेच थांबे, घरघरे, पुन्हा पुढं सरके. त्यानं दिलेल्या तानेत ना गुळगुळीतपणा होता ना टकटक. तिथं सूर बारीक बारीक तुटत होता, जाळीतून बघितल्यासारखा.

एक सीडी, एक धून, आणि तीन रायटरनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

"मग ह्यातलं खरं कोणचं?" मास्तरांनी विचारलं.

"दोन दिवस सीडी ठेवून जा," एवढंच मानसिंग म्हणाले.

मास्तर गेल्यावर त्यांनी सीडी उजेडात धरली. मागच्या बाजूला, मधल्या कड्याच्या जरा बाहेर, नखाएवढा ओरखडा होता. म्हणजे दोष सीडीत होता. पण मग काळ्या रायटरनं चुका शून्य कशा दाखवल्या? ओरखडा त्याला दिसलाच नाही, की दिसून त्यानं सांगितलं नाही?

मानसिंगकडं दोन फायली समोरासमोर ठेवून आकडा अन् आकडा ताडून बघणारा एक प्रोग्राम होता. एका सेकंदाच्या आवाजात चव्वेचाळीस हजार शंभर आकडे असतात, हे त्यांना पाठ होतं. ओरखड्याच्या जागेपुरते आकडे वेगळे निघतील आणि बाकीचे जुळतील, अशी त्यांची अटकळ होती. त्यांनी काळ्या आणि दुसऱ्या रायटरच्या फायली प्रोग्रामला दिल्या. उत्तर आलं, सगळेच आकडे वेगळे. अगदी पहिल्यापासून.

त्यांनी पुन्हा करून बघितलं. तेच. पहिली धून, जिच्यात काहीच दोष नव्हता, तीही ताडून बघितली. सगळं वेगळं. कानाला दोन्ही फायली हुबेहूब, आणि एकही आकडा जुळत नाही.

ही गोष्ट त्यांना फार लागली. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरायला आलं, तर मानसिंगनी आईच्या नावाच्या जागी त्याचंच नाव भरलं. 'सेम टू सेम' असं आपण किती जणांना सांगितलं, हे ते मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. लोकांच्या लग्नांच्या, मेलेल्या माणसांच्या आवाजाच्या कॉप्या आपण करून दिल्या. त्या नक्की कशाच्या कॉप्या होत्या?

"जेवताना तरी ते राहू द्या," वैजयंतीबाई म्हणाल्या. "भाजीत मीठ नाही, तुम्हाला कळलं का?"

"न्हाई कळलं," मानसिंग खरंच बोलले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आवाजाची रेघ पडद्यावर मोठी केली. अजून मोठी केली. डोंगरदऱ्यांसारखी दिसणारी ती रेघ इतकी मोठी केली की एकेक ठिपका वेगळा दिसू लागला. मग दोन्ही फायलींत एकच ओळखीचा सुळका शोधला. काळ्याच्या फायलीत तो जिथं होता, तिथून शहाण्णव ठिपके पुढं दुसऱ्या रायटरच्या फायलीत होता. त्यांनी दुसरा सुळका शोधला. तोही शहाण्णव. तिसराही शहाण्णव.

म्हणजे आकडे तेच होते, फक्त सरकलेले. गाण्याच्या सीडीवर, बाकीच्या सीडीवर असतो तसा, प्रत्येक जागेला पक्का पत्ता नसतो. रायटर अंदाजानं सुरुवात धरतो आणि प्रत्येक कंपनीचा अंदाज थोडा वेगळा. हे त्यांनी कधीतरी वाचलं होतं आणि विसरले होते. त्यांनी एक फाईल शहाण्णव घरं मागं सरकवली आणि ताडून बघितली. पहिली धून संपूर्ण जुळली. मानसिंग खुर्चीतून उठले, बोळात जाऊन उभे राहिले आणि समोरच्या शिंप्याला उगीचच म्हणाले, "जुळलं की!" शिंप्यानं मान डोलावली.

पण तिसरी धून तरीही जुळली नाही. ओरखड्याच्या जागी तिघांचे आकडे तीन तऱ्हांचे, आणि कोणता खरा हे सांगणारं चौथं कुणी नाही.

त्यांनी हे वैजयंतीबाईंना सांगितलं, तेव्हा त्या सातवीच्या वह्या तपासत होत्या.

"अहो, तुम्ही तीन पोरांना एकमेकांचे पेपर तपासायला लावलेत," त्या म्हणाल्या. "खरं उत्तर तुम्हालाच माहीत नाही. ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे, असा पेपर द्या ना त्यांना. मग कळेल कुठलं पोरगं कसं आहे."

एवढी साधी गोष्ट मानसिंगच्या डोक्यात तीस वर्षं आली नव्हती.

रविवारी दोघं दुकानात गेले. मानसिंगनी माईक लावला आणि वैजयंतीबाईंनी अकरापासून तीसपर्यंतचे पाढे म्हटले, एकेक पाढा वेगळा. मधे कुणीतरी अर्ध्या शटरखालून डोकावून क्लास सुरू केला का म्हणून विचारून गेलं, तर तेविसाचा पाढा पुन्हा म्हणावा लागला. त्या फायली मानसिंगनी जपून ठेवल्या. हे झालं पक्कं उत्तर. मग त्याच आवाजाची सीडी लिहिली आणि तिन्ही रायटरना वाचायला दिली. कोऱ्या करकरीत सीडीवर तिघंही पास झाले. जो तो आपापल्या सवयीनं मागंपुढं सरकलेला, पण सरकवून घेतल्यावर एक आकडा इकडचा तिकडं नाही.

मग मानसिंगनी सुई घेतली, सीडी उलटी केली आणि मास्तरांच्या सीडीवर होता तसाच ओरखडा काढला. आयुष्यात त्यांनी मुद्दाम सीडी खराब केली नव्हती.

आता काळ्या रायटरनं सीडी वाचली, आणि पुन्हा चुका शून्य. पाढेही स्पष्ट ऐकू आले. पण मूळ फायलीशी ताडून बघितलं, तर सत्ताविसाच्या पाढ्यात तीन हजारांहून जास्त आकडे चुकीचे. जिथं ओरखड्यामुळं त्याला वाचता आलं नव्हतं, तिथं त्यानं आधीचा आणि नंतरचा आकडा बघून मधलं मनानं भरलं होतं, आणि चूक झाली म्हणून कुठं बोललाही नव्हता.

"त्याला पुन्हा वाचायला लावा," वैजयंतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या वाचनात अगदी तेच आकडे आले. मानसिंग गडबडले. दोनदा सारखं आलं म्हणजे बरोबर, असं सगळेच धरून चालतात. पण हे तर दोनदा सारखं आणि दोनदा चूक. मग त्यांना शंका आली. त्यांनी मधे त्या रायटरला दुसरे चार पाढे वाचायला लावले आणि मग सत्ताविसाकडं परत आणलं. या वेळी चुकीचे आकडे वेगळे आले.

"म्हंजी दुसऱ्या वेळेला ह्यानं सीडीकडं बघितलंच न्हाई," मानसिंग म्हणाले. "पहिल्यांदा वाचलेलं डोक्यात होतं, तेच सांगितलं."

"अशी पोरं प्रत्येक वर्गात असतात," वैजयंतीबाई म्हणाल्या.

दुसरा रायटर ओरखड्यावर टकटकला. त्यानं चुका दाखवल्या, पण भलत्याच जागी. पिवळट रायटरनं मात्र त्या एका सीडीला पाऊण तास घेतला. एकेका जागी चार-चार वेळा मागं जाऊन तो वाचत होता. शेवटी अकरा जागा सोडून बाकी सगळं बरोबर. त्या अकरा जागी त्यानं काहीच भरलं नाही, रिकामं ठेवलं आणि तसं सांगितलं.

एवढं झाल्यावर मानसिंगना वाटलं, सुटला प्रश्न. रायटर कळले. पण मास्तरांच्या सीडीकडं वळले तेव्हा लक्षात आलं, की प्रश्न जिथल्या तिथं आहे. काळ्याचं खोटं. दुसऱ्याचं बेभरवशाचं. पिवळ्याचं खरं, पण नेमक्या त्या जागी पिवळा म्हणतो, मला माहीत नाही. मग तिथं मास्तरांनी काय वाजवलं होतं?

मास्तर आले तेव्हा मानसिंगनी हे सगळं त्यांना सांगितलं. मास्तरांना शहाण्णव घरं वगैरे काही कळलं नाही, पण एक कळलं. "म्हंजी ते गुळगुळीत वाजवणारा मी न्हाई, हे बरोबर हाय?"

"बरोबर. ते मशीननं भरलंय."

"हौदु!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली, आणि एकदम कानडीतून मराठीत आले. "व्हय! मी सांगत हुतो की! मग माझं कुठंय?"

"ह्या सीडीत न्हाई उरलं. दुसरी कुणाकडं हाय का, हीच, त्याच वेळची?"

मास्तर बोटांवर मोजू लागले. स्टुडिओवाल्यानं पंचवीस सीड्या करून दिल्या होत्या. वाटल्या, हरवल्या. बँडमालक वारले. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर एक नाव उरलं, बिरप्पा. बँडमध्ये ढोलकी वाजवायचा. त्या रेकॉर्डिंगलाही ढोलकीवर तोच होता. आता माढ्याच्या पलीकडं वस्तीवर शेती करून राहतो.

दोन दिवसांनी, दुकान बंद ठेवून, मानसिंग आणि मास्तर एसटीत बसले. मानसिंगच्या पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, पिवळट रायटर, त्याची जोडणी आणि करंट द्यायचा एसएमपीएसचा डबा. बॅग इतकी जड होती की माढ्याला उतरताना कंडक्टरनं विचारलं, "पाटा-वरवंटा हाय काय?"

वस्तीवर पोचले तेव्हा ज्वारी कणसात आली होती. आणि शेत चमकत होतं. चारी बांधांना काठ्या रोवून त्यांना दोऱ्यानं सीड्या टांगल्या होत्या. वाऱ्यानं त्या गरगरत आणि उन्हाचे कवडसे ज्वारीवर फिरत. पाखरं भिऊन लांब राहत.

मास्तर बांधावरच थांबले. "बिरप्पा," त्यांनी हाक मारली, "लेका, मला टांगलंस काय हितं?"

बिरप्पा झाडाखालून उठून आला. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून उभे राहिले. मग बिरप्पा ओशाळून म्हणाला, "जुन्या सीड्या हुत्या घरातल्या. त्यात तुजी हाय का न्हाय ते म्या बगितलं न्हाय, बाबा."

मग तिघंही बांधानं फिरले. मानसिंग एकेक सीडी थांबवून नाव वाचत होते. देवाची गाणी, सातवीचं इंग्रजी, कुणाचं तरी बारसं. उन्हानं बऱ्याच सीड्यांचा रंग उडाला होता. काहींवर अक्षर उरलं नव्हतं. पश्चिमेच्या बांधावर एका सीडीवर 'गुरु' एवढंच दिसलं. मास्तरांनी ती हातात घेतली, उलटी केली. मागची बाजू पारदर्शक झाली होती, तिच्यातून ज्वारी दिसत होती.

"हे गेलं," मानसिंग म्हणाले.

घराकडं जाताना मास्तर बांधावर दोनदा अडखळले.

बिरप्पाची बायको रंभाबाई चुलीपाशी हुरडा भाजत होती. तिनं तिघांची तोंडं बघितली. "काय झालं?" तिनं विचारलं. बिरप्पानं सांगितलं.

"क्लॅरोनेटची व्हय?" रंभाबाई म्हणाली. "ती ट्रंकेत हाय की. माज्या लुगड्याखाली. तितं जी टांगलीया ती कुण्या गुरुजीच्या पाढ्यांची."

ट्रंकेतली सीडी निघाली. प्लॅस्टिकच्या पाकिटात, एक ओरखडा नाही. वर तेच स्केचपेन, तेच कानडी वळण.

ओसरीवर मानसिंगनी मांडामांड केली. लाईट होती. पिवळट रायटर घरघरला, पण या वेळी कुठं थांबला नाही. मानसिंगनी मधे दुसऱ्या धुनी वाचायला लावून तिसरी धून दोनदा काढली. चूक नाही. मग मास्तरांच्या सीडीच्या फायलीशी ताडली. जुळेना. ते क्षणभर खचले, मग आठवलं, दोन्ही सीड्या लिहिणारे रायटरही वेगवेगळे असतील. सुळका शोधला, सरकवलं. ओरखड्याच्या जागा सोडून अथपासून इतिपर्यंत दोन्ही सीड्या जुळल्या. आणि त्या जागा बिरप्पाच्या सीडीवर शाबूत होत्या.

"आता हे खरं," मानसिंग म्हणाले. "ह्यात शंका न्हाई." त्यांनी लॅपटॉपचा आवाज मोठा केला.

तान सुरू झाली. सूर चढला, थांबला, लांबत गेला. रंभाबाईही चुलीपासून उठून आली. विसाव्या सेकंदाच्या आसपास, पापणी लवायच्या आत, सूर चिरकला. चिक्, एवढंच. आणि नेमकी त्याच्यावर ढोलकीची एक जादा थाप पडली. मग तान तशीच पुढं गेली, पस्तीस सेकंद पुरी झाली.

मानसिंगनी पुन्हा लावलं. पुन्हा चिक्, पुन्हा थाप. त्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"हे माझं न्हाई," मास्तर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"तुजंच हाय की," बिरप्पा म्हणाला. "चिरकलास तू. त्या दिवशी तुजा फुडचा दात हलत हुता. मला दिसलं, म्हनून म्या थाप मारून झाकलं. स्टुडिओवाला म्हनला, परत घ्यायचं का? तू म्हनलास, कुनाला कळतंय, ऱ्हाऊ दे."

"मी म्हणलो?"

"व्हय."

"मी?"

बिरप्पानं हुरड्याचं ताट मास्तरांपुढं सरकवलं.

मास्तरांनी चार दाणे चिमटीत घेतले. वीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते, डाग नाही. खोटं म्हणून नव्हे, त्यांना तसंच आठवत होतं. मग त्यांनी मानसिंगना विचारलं, "तळेकर, चिरकलेलं मला आठवत न्हाई. मग तुमच्या त्या काळ्यानं ते काढून टाकलं, गुळगुळीत केलं, तवा मला माझं न्हाई असं का वाटलं? मला तर तेच गोड वाटायला पाहिजे हुतं."

मानसिंगनी विचार केला. ओरखड्यामुळं आसपासचाही सूर बोथट झाला होता, कानाला तेवढंच लागलं असेल. किंवा मनानं विसरलेलं बोटांना आठवत असेल. दोन्ही होऊ शकत होतं. हे ताडून बघायला कुठली पक्की फाईल त्यांच्याकडं नव्हती.

"मला न्हाई सांगता येत, मास्तर," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत मानसिंगनी भीत भीत विचारलं, "मोबाईलात कोणचं घालू? म्हणत असाल तर काळ्याचंच राहू द्या. कुणाला कळणार न्हाई."

"दोन्ही घाला."

चार दिवसांनी मास्तर दुकानात आले आणि म्हणाले, चिरकलेलं काढा. मानसिंगनी काढलं. त्याच आठवड्यात पुन्हा आले, ते घाला आणि गुळगुळीत काढा. मानसिंगनी तसं केलं. तिसऱ्यांदा मास्तरांची मुलगी मायाक्का आली. "काही काढू नका, काही घालू नका," ती हात जोडून म्हणाली. "दिवसभर घरात तेच चालू हाय. ऐकतात आणि माढ्याला फोन लावून भांडतात. पण जेवण वाढलंय त्यांचं."

नंतरच्या महिन्यात मानसिंगनी स्वतःच्या घरच्या सीड्या काढल्या आणि पिवळट रायटरवर एकेक वाचायला घेतल्या. काळा रायटर त्यांनी फेकला नाही. त्याच्यावर कागद चिकटवून लिहिलं, 'चूक सांगत नाही'. जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांचे नंबर होते, त्यांतल्या काहींना फोन करून विचारलं, मूळ सीडी अजून आहे का. बहुतेकांना कसली सीडी तेच आठवलं नाही. एकानं विचारलं, "का हो, काही बिघडलंय का?" "न्हाई, सहज," म्हणून मानसिंगनी फोन ठेवून दिला.

एप्रिलच्या लग्नसराईत एका संध्याकाळी सात रस्त्यावरून बँडचा आवाज आला. मानसिंग दुकानाच्या पायरीवर आले. धून ओळखीची होती. या बँडमध्ये सिद्धेश्वर नावाचा तिशीतला क्लॅरोनेटवाला होता, आणि त्याच्या शेजारून, घोड्याच्या जरा मागं, गुरुबसप्पा मास्तर चालत होते. तान सुरू झाली. मानसिंग नकळत मोजायला लागले. विसाच्या आसपास क्लॅरोनेट चिरकलं आणि ढोलकीची जादा थाप पडली.

मानसिंग गर्दीतून वाट काढत मास्तरांपाशी गेले. "मास्तर, ह्याचंबी चिरकलं?"

"चिरकलं न्हाई," मास्तर ओरडून म्हणाले, कारण बँड कानाशी वाजत होता. "मोबाईलवरनं शिकला. चिरकण्यासकट बसवलं त्यानं. मी म्हणलं, अरे ती चूक हाय, ती काढ. काढून बघितलं. मग ढोलकीवाला म्हणतो, आता माझ्या थापेला जागा न्हाई."

"मग?"

मास्तरांनी दोन्ही हात वर करून काहीतरी उत्तर दिलं, पण तेवढ्यात ताशे सुरू झाले आणि ते मानसिंगना ऐकू आलं नाही. वरात पुढं सरकली. मास्तर तिच्याबरोबर गेले. मानसिंग दुकानात परतले. आत एक बाई पॅनकार्डाची झेरॉक्स घ्यायला थांबली होती.